झुंबरशेठ आणि दोन खोल्या

झुंबरशेठ कुठल्याही राजवाड्यात शिरले की आधी मान वर करून छत बघतात. मग भिंतीपाशी जाऊन बोटाच्या पेरानं टकटक करतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या कोटवाल्या मॅनेजरला सांगतात, "बराबर हाय. चार ट्रक बारदान बसंल." मॅनेजरला बारदान म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तो हसून मान हलवतो. शेठना वाटतं, त्याला पटलं.

दरबार हॉल असो नाहीतर राणीचा महाल, शेठचं माप एकच. जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचा बारदानाचा धंदा आहे. बारदान म्हणजे धान्य भरायची पोती. त्यांच्या पणजोबानं मारवाडातून येऊन हा धंदा इथं मांडला, आणि तेव्हापासून या घरातल्या माणसाला रिकामी जागा दिसली की तिच्यात पोती दिसायला लागतात. त्याला त्यांचा इलाज नाही.

मी दत्ता. मूळचा वाटूरचा. आमचं वाटूर म्हणजे रस्त्यांचा फाटा. तिथं वाढलेला माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला "कुठं निघाले?" विचारल्याशिवाय राहत नाही, आणि मी तर त्याचाच धंदा केला. शेठच्या घराला लागून माझं ऑनलाइन सेंटर आहे, वर आम्ही राहतो. तिकिटं, सातबारा, आधार, काय म्हणाल ते. शेठना फोनवर बोट फिरवता येत नाही. येतं, पण त्यांचा विश्वास नाही. त्यामुळे वर्षातून एकदा ते माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "दत्ता, किल्ला काढ."

बाकीचे शेठलोक तिरुपतीला जातात, दुबईला जातात. यांना किल्ल्यात झोपायचं याड. राजस्थानात जुने किल्ले, गढ्या, हवेल्या यांची आता मोठी मोठी हॉटेलं झालीत. त्यातलं एक दरसाल शेठ निवडतात, बायकोला घेऊन जातात, तीन रात्री झोपून येतात. आल्यावर पुन्हा खुर्चीत बसतात, कारण आता त्या हॉटेलला शेरा द्यायचा असतो. शेठ बोलतात, मी टाइप करतो.

"लिही. किल्ला मजबूत हाय. हवा बराबर. जिन्याच्या पायऱ्या गुडघ्याइतक्या उंच. राजे लोकांना सांधेवात नव्हता, आम्हाला हाय. मधी मधी एक पायरी टाका."

किंवा, "पलंग फार उंच. चढायला स्टूल दिलं. मंग ते स्टूल साफसफाईवाल्यानं उचलून नेलं. आम्ही वरच."

किंवा, "उशाच्या वरच्या भिंतीवर तलवारी लावल्यात. त्या काढा. झोपलेला माणूस मेहमान हाय, दुश्मन न्हाई."

सगळं लिहून झालं की मी विचारतो, तारे किती द्यायचे. शेठ प्रत्येक किल्ल्याला तीनच देतात. मी एकदा म्हणालो, शेठ, त्या मागच्या किल्ल्याची तुम्ही एवढी तारीफ केली, त्याला तरी चार द्या. तर म्हणाले, "चार दिले की ते सुधारायचं बंद करतात."

सगळ्यात मोठी कुस्ती जेवणाची. शेठ पक्के जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणार. आणि या किल्ल्यांची स्वयंपाकघरं जागी होतात रात्री आठला, मेणबत्त्या लावून. शेठ चार वाजताच भटारखान्यात जाऊन उभे. एका ठिकाणी मॅनेजर म्हणाला, साहेब, आमचे महाराजसुद्धा रात्रीच जेवायचे. शेठ म्हणाले, "ते शिकारीवरून येत आस्तील. मी कुठं शिकारीला गेल्तो?" त्यांना पाच वाजता खिचडी मिळाली. चांदीच्या ताटात मिळाली, पण खिचडीच.

आता जतनबाई. शेठच्या बायको. सदा डोक्यावरून पदर, तो कपाळाच्या खाली ओढलेला. आम्ही त्यांना भाभी म्हणतो. आम्ही वाटूरहून इथं राहायला आलो तेव्हा गल्लीत ओळखीचं कुत्रं नव्हतं. पहिल्याच दुपारी भाभींच्या घरून डबा आला. माझा पोरगा तर अर्धा त्यांच्याच ओट्यावर वाढला. माझी बायको सुनंदा कुणाचं म्हणून ऐकत नाही, पण भाभी म्हणाल्या की ऐकते. तेवढ्यासाठीसुद्धा मी त्यांना मानतो.

या नवराबायकोची एक गंमत आहे. जतनबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि चारचौघांत त्यांच्याशी थेट बोलतही नाहीत. ओट्यावर मांजर बसलेलं असतं, त्याला सांगतात, "चहा झालाय म्हणावं." शेठ पेपरातून डोकं न काढता मांजराला सांगतात, "आलो म्हणावं." मांजर नसलं की हे काम सुनंदाला करावं लागतं. मुलगा-सून पुण्यात, घरात दोघंच, आणि संसार सगळा मांजराच्या मध्यस्थीनं चाललेला.

किल्ल्यावरून परत आल्या की सुनंदा विचारायची, "भाभी, कसं होतं?" त्या म्हणायच्या, "होतं चांगलं. यांचं याड, मला काय त्यात." आणि कपडे वाळत घालायला लागायच्या.

यंदा नागपंचमीच्या आधी शेठ आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला. "दत्ता, किल्ला काढ." किल्ल्याचं नाव सांगितलं. मी कधी ऐकलेलं नव्हतं. काढून बघितलं तर मारवाडातल्या कुठल्यातरी कोपऱ्यातली गढी, हॉटेल नवंकोरं, अजून धड फोटोही टाकलेले नव्हते.

"एक खोली ना?" मी सवयीनं विचारलं.

"दोन."

"पाहुणे हायेत का कोणी?"

"न्हाई. एक तिची, एक माझी. जवळ जवळ नको. मधी अंगण पायजे."

मी स्क्रीनवरून मान काढली. शेठ पंख्याकडं बघत होते.

"तिकिटं जायची तीन काढ," ते म्हणाले. "यायचं एक."

"तिसरं कुणाचं?"

"तुझं. खर्चा सगळा माझा."

"आणि यायचं?"

"माझं."

"मंग माझं आन् भाभीचं?"

"ते मागून बघू. तिची खोली कुठवर ठेवायची ते अजून ठरायचंय." मग उठता उठता दारात थांबले. "दत्ता, तुला बहीण न्हाई ना रे?"

"न्हाई. आम्ही तिघं भाऊच."

"बराबर," असं म्हणून शेठ मोंढ्याकडं निघून गेले.

मी वर जाऊन सुनंदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिनं तवा खाली उतरवला. "दोन खोल्या?" ती म्हणाली. "आणि भाभीला तिथंच सोडून येणार?" मी म्हणालो, तसं दिसतंय खरं. ती म्हणाली, "आणि तुला कशाला नेऊन राह्यलाय माहीत हाय का? भाभी एकटी रडत बसायला नको म्हणून. तिला तिथं टाकायची, तुला सोबतीला बसवायचं, आणि हा मोकळा." मग तिनं पेपरात वाचलेलं सांगितलं, की आजकाल म्हातारपणी लोक सुटं व्हायला लागलेत, पोरांचं सगळं झालं की म्हणतात आता तू तुझी, मी माझा.

मी म्हणालो, उगं काही बोलू नको. पण दुसऱ्या दिवशी सुनंदा भाभींकडं जाऊन आली ती तोंड उतरवून. भाभींनी कपाटातली पिवळी साडी काढून ठेवली होती, मोगऱ्याला पाणी घालायला सांगितलं होतं, आणि म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं यांच्या घरात काढली, सुनंदा. आता थोडे दिवस मी माझी. कधी येईन ते माझ्या हातात न्हाई."

"आणि हसून राह्यल्या होत्या," सुनंदा म्हणाली. "साठी उलटलेली बाई नवऱ्याला सोडून जाताना अशी हसती का?"

मला रात्रभर झोप आली नाही. माणसं भांडतात, त्याचं काही वाटत नाही. भांडण ऐकू येतं. हे दोघं कधी भांडलेच नव्हते, आणि न भांडता तुटलेलं कसं जोडायचं ते मला येत नव्हतं. सुनंदानं निघताना एवढंच सांगितलं, "काही कर, पण दोघांना संग घेऊन ये. एकटे शेठ आले तर मला तोंड दाखवू नको."

रेल्वेत तर शेठनी कमालच केली. आपला बर्थ कुणाला तरी देऊन टाकला आणि पलीकडच्या डब्यात जाऊन बसले. मी आणि भाभी समोरासमोर. मी विचार केला, हीच वेळ आहे, तोंड उघड.

"भाभी," मी म्हणालो, "संसार म्हणल्यावर भांड्याला भांडं लागतंच."

त्यांनी वाकून बाकाखाली बघितलं. "कुठलं भांडं? आपला स्टीलचा डबा का?"

"तसं न्हाई. शेठ मनानं वाईट न्हाईत, एवढंच म्हणतो."

"वाईट कोण म्हणलं?" असं म्हणून त्यांनी मला खाकरा दिला. मग खिडकीतून बाहेर बघत बसल्या. सारख्या विचारायच्या, "दत्ताभाऊ, मारवाड लागला का?" गाडी अजून गुजरातेत होती.

स्टेशनावर उतरलो. हॉटेलची जीप उभी होती. शेठ लांबूनच म्हणाले, "तुम्ही दोघं फुडं व्हा. मी दुपारून येतो. मी तुमच्या संग येणं बराबर दिसणार न्हाई." आणि बॅग घेऊन धर्मशाळेच्या रस्त्याला लागलेसुद्धा. मी जीपमध्ये बसलो आणि मनात म्हणालो, सुनंदा, मी काही आता तोंड दाखवायला येत नाही.

गढी टेकाडावर होती. खाली दरवाजा, दरवाजावर खिळे, बाजूला ढोलवाला. जीप थांबली. जतनबाई उतरल्या, साडी नीट केली, आणि डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला.

इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांचं डोकं बघितलं नव्हतं. पांढरे केस, बारीकशी वेणी. जालन्यात ओटा उतरताना भिंत धरणारी बाई, इथं दगडी चढ भराभरा चढून गेली. ढोलवाल्यानं ढोल बडवला, एक पोरगी कुंकू लावायला ताट घेऊन पुढं आली, दुसरी सरबत घेऊन. भाभींनी दोघींना हातानं बाजूला केलं. "घरच्या माणसाला हे कशाला," म्हणाल्या.

आत रिसेप्शन होतं. संगमरवरी टेबल, वर कॉम्प्युटर, मागं कोटवाला मॅनेजर. भाभींनी त्या टेबलावर तळहात ठेवला.

"इथं माझे बापूजी बसायचे," त्या म्हणाल्या. "खाली गादी, लोड, आणि हे सगळं त्यांच्या हाती."

मॅनेजर उभा राहिला. "जतनबाईसा का?" त्यानं हिंदीत विचारलं. "तुमच्या शेठजींनी फोन करून करून माझं डोकं खाल्लंय. तीच खोली पाहिजे, अंगणातली, निंबाच्या बाजूची. ती खोली आम्ही पाहुण्यांना देत नाही हो, तिथं चादरी ठेवतो. चादरी हलवल्या आम्ही."

मग हळूहळू सगळं कळलं. जतनबाईंचे वडील या गढीचे कामदार. आपल्याकडं देशमुखाच्या गढीवर कारभारी असायचा, तसे. ठाकूरसाहेब आतल्या महालात, कामदाराचं घर बाहेरच्या अंगणात. जतनबाई तिथं जन्मल्या, तिथंच वाढल्या. एकुलत्या. आई लहानपणी गेली. लग्न होऊन जालन्याला आल्या आणि वर्षाच्या आत बापूजीही गेले. ठाकुरांच्या मुलांचं भांडण कोर्टात गेलं, गढीला कुलूप बसलं, ते आत्ता निघालं.

"लगीन झाल्यावर एकदाबी ऱ्हायला आले न्हाई मी," त्या म्हणाल्या. "आपल्या गल्लीतल्या बायका पंचमीला माहेरी जातात, आल्यावर आठ आठ दिवस त्याच गोष्टी सांगतात. मी ऐकायची. मी काय सांगणार? आमच्या पीहरला कुलूप."

पीहर म्हणजे माहेर. एवढं सांगून त्या मला गढी दाखवायला निघाल्या, आणि मग त्यांना आवरणं कठीण झालं. एका दारावर 'स्पा' लिहिलं होतं. भाभींनी ते सरळ ढकललं. आत मंद दिवा, अत्तराचा वास, आणि टेबलावर कुणी गोरा माणूस टॉवेल पांघरून पालथा पडलेला. "ही आमची चूल," भाभी म्हणाल्या, आणि त्याच्या पायाकडं बोट केलं. "आणि तिथं दळायचं जातं होतं." त्या माणसानं मान वर केली. मी हात जोडले आणि भाभींना बाहेर काढलं.

पुढं 'महारानी स्वीट'. सगळ्यात महागडी खोली. तिच्या बाहेर मुंबईकडचं एक जोडपं चहा घेत बसलं होतं. भाभी त्यांना म्हणाल्या, "इथं आम्ही म्हैस बांधायचो. लई गुणाची होती." त्या बाईनं कप खाली ठेवला.

मला मात्र एकच गोष्ट अजून टोचत होती. मी धीर करून विचारलं, "भाभी, हे सगळं खरं. मंग दोन खोल्या कशाला?"

त्या थांबल्या. आणि मग तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना निंबाच्या पारावर बसावं लागलं. "अरे, जावई सासरी येऊन लेकीच्या खोलीत झोपतो व्हय? आमच्याकडं ते चालत न्हाई. जावयाची खोली वरच्या अंगाला, पाहुण्यांत. म्हातारा झाला तरी जावईच की तो."

मी तिथंच खाली बसलो. मग फोन लावला. "सुनंदा, भांडण न्हाई गं. माहेर हाय."

"कुणाचं माहेर?"

मी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि मी त्या माणसाला काय काय बोलले," आणि रडायला लागली. मी म्हणालो, रडतीस काय, भाकरी कर, मला लई बरं वाटून राह्यलंय.

दुपार कलली तसा बाहेर ढोल वाजायला लागला. वाजायला लागला तो थांबेच ना. मी सज्ज्यातून वाकून बघितलं. दरवाजात झुंबरशेठ उभे. अंगात जोधपुरी कोट, डोक्यावर केशरी पगडी, हातात मिठाईचा पुडा. सरबतवाली पुढं झाली, शेठ हलेनात. कुंकूवाली पुढं झाली, शेठ हलेनात. ढोलवाल्याचे हात दुखायला आले. मॅनेजर धावत माझ्याकडं आला, की शेठजी आत यायला तयार नाहीत, आमचं काही चुकलं का?

निंबाच्या बाजूच्या खोलीची जाळीची खिडकी थोडी उघडली. "भाऊ," जतनबाई आतून कुजबुजल्या, "जा की तू. जावयाला पीहरच्या माणसानं बोलवावं लागतं."

मला त्या नेहमी 'दत्ताभाऊ, तुम्ही' म्हणतात. मी खाली गेलो.

"किती येळ उभा ठेवतो?" शेठ ओठांतल्या ओठांत म्हणाले. "मुराळी म्हणून आणला तुला, आन् तुला काहीच कळंना."

मुराळी. लेकीला सासरहून माहेरी घेऊन येणारा माणूस. भाऊ, नाहीतर भावाच्या नात्याचा कुणी. आमच्या वाटूरला पंचमी आली की घराघरातून मुराळी निघायचे. आमच्या घरातून कधी निघाला नाही, कारण लेकच नव्हती. आई दुसऱ्यांच्या लेकी उतरताना दारात उभी राहून बघायची. म्हणून शेठनी बहिणीचं विचारलं होतं. म्हणून रेल्वेत दुसरा डबा, म्हणून स्टेशनावरून वेगळी वाट. नवरा स्वतः बायकोला माहेरी आणून सोडत नाही, तिला भाऊ घेऊन येतो. आणि तो भाऊ मी होतो, जालन्यापासून इथवर, आणि मला पत्ता नव्हता. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

"या, दाजी," मी म्हणालो. "आत या."

शेठनी उजवं पाऊल आत टाकलं.

जेवण मॅनेजरनं उन्हं असतानाच गच्चीवर मांडलं. मी आणि शेठ दोघंच, भाभी जिन्याच्या दाराआड. ताटात काय नव्हतं ते विचारा. वाढप्यानं दुसरी बाटी पुढं केली, शेठ म्हणाले, "बस." वाढपी म्हणाला, "ओके सर," आणि भांडं घेऊन गेला. शिरा आला. "नको." "ओके सर." शिरा गेला. शेठ त्या शिऱ्याकडं बघत राहिले. सकाळपासून उपाशी माणूस, आणि समोरून एकेक पदार्थ निघून चाललेला, पण जावई स्वतःच्या तोंडानं मागेल कसा?

दाराआड बांगड्या वाजल्या. मी वाढप्याच्या हातातून भांडं घेतलं.

"दाजी, एक बाटी."

"नको हो, पोट भरलं."

"माझ्या गळ्याची आण."

"अर्धी, बिलकुल अर्धी."

मी दोन वाढल्या. वर तूप सोडलं. शेठ नको नको म्हणत हात आडवा धरत होते, बोटं फाकवून, म्हणजे मधून तूप बराबर खाली पडावं. शिरा मी तीनदा वाढला. उन्हं गेली तेव्हा त्यांनी पाण्याचा शेवटचा घोट घेतला आणि पगडी काढून मांडीवर ठेवली.

"एकदाच असा जेवलो होतो इथं," ते म्हणाले. "लग्नाला आल्तो तवा. सासऱ्यांनी स्वतः वाढलं. पुढल्या येळी यायच्या आधी ते गेले."

"मंग दरसाल ते दुसरे किल्ले कशाला, शेठ?"

"हे बंद होतं ना. म्हणलं, असाच दुसरा दाखवू. तिला विचारायचो, तुमचं असंच होतं का? ती म्हणायची, असंच, पण दार डाव्या अंगाला होतं. मंग पुढल्या साली डाव्या दाराचा किल्ला हुडकायचो. तिथं गेलं की म्हणायची, दार बराबर, पण अंगणात निंब होता." शेठ हसले. "इतकी वर्षं लोकांच्या पीहरात झोपलो, दत्ता."

"आणि सगळ्या गल्लीला सांगत होता, मला याड लागलंय म्हणून."

"तिच्यासाठी म्हणलं असतं तर ती आली नसती. माझं याड म्हणलं की येती."

सकाळी जीप लागली. जावयानं सासरी जास्त थांबायचं नसतं, म्हणून शेठ एकटे निघणार, आणि मी बहिणीजवळ राहून तिला मागून जालन्याला पोचवणार. शेठनी पुन्हा कोट घातला, पगडी बांधली, अंगणात माझ्यासमोर येऊन हात जोडले. मला संकोच झाला. हा माणूस माझ्या बापाच्या वयाला आलेला.

"मंग मेव्हणे," ते म्हणाले, "आमच्या माणसाला कधी पाठवता?"

मी आता मुरलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा बहीण मिळाली होती, ती काय अशी लगेच सोडायची? "दाजी, आक्का इतक्या वर्षांनी माहेरी आली," मी म्हणालो. "पंधरा दिवस तरी ऱ्हाऊ द्या."

शेठचा चेहरा पडला. "पंधरा लई होतात."

"बरं, दहा."

"दहा." त्यांनी जाळीच्या खिडकीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "घर मोठं हाय रे दत्ता. लगीन झाल्यापासून त्या घरात मी एकटा एक रात्र झोपलो न्हाई. मला एकट्याला करमत न्हाई. तिला सांगू नको."

माझा जीव कळवळला, पण मुराळी म्हणून मला मान राखायचा होता. "आठ," मी म्हणालो. "त्याच्या खाली यायचं न्हाई, दाजी. लोक काय म्हणतील, भावानं बहिणीला आठ दिवससुद्धा ठेवलं न्हाई."

"आठ तर आठ," शेठ म्हणाले. हात जोडलेलेच होते, ते तसेच खाली आले. ते जीपकडं वळले.

खिडकीची जाळी उघडली.

"भाऊ," जतनबाई म्हणाल्या, नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "चारच ठेव रे."